पूल टेबलचं कापड आणि गटाचं कर्ज



आज आपण एका वेगळ्याच खर्चाबद्दल बोलणार आहोत. शिलाई मशीन, शेळी, पिठाची गिरणी, पापडाचं मशीन यांचे हिशेब आपल्या गटांना आता पाठ झाले आहेत. पण अलीकडे आमच्याकडे असाही प्रश्न येतो : “ताई, पोराच्या पूल टेबलचं कापड फाटलं. बदलवाले गटातून पैसे भेटन का?” हा प्रश्न ऐकून बैठकीत काही जणी हसतात, काही जणी कपाळाला आठ्या घालतात. आम्हाला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. तालुक्याच्या गावी शिकायला गेलेली मुलं हा खेळ बघतात, कोणी जुनं टेबल विकत घेतं आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडतं. तासाचे पैसे घेऊन खेळायला देतं. टेबल घेताना हिशेब होतो, कापडाचा मात्र होत नाही. वर्षभराने कापड विरतं आणि मग आई गटात येते.

तेव्हा आज हे कापड काय असतं, ते बदलायला किती खर्च येतो, तो खर्च कसा मोजायचा आणि गटाने अशा वेळी कर्ज द्यायचं की नाही, हे पाहू. ज्यांच्या घरी टेबल नाही त्यांनीही ऐका. झिजणाऱ्या प्रत्येक वस्तूचा हिशेब असाच असतो.

हे टेबल असतं तरी कसं?

कॅरम बोर्ड आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पूल टेबल म्हणजे त्याचा मोठा भाऊ समजा. कॅरमला चार भोकं, याला सहा. सोंगट्यांऐवजी गोट्यांसारखे मोठे गोळे आणि बोटाऐवजी लांब काठी. घरात ठेवतात ते टेबल बहुधा ७ किंवा ८ फुटी असतं. ८ फुटी टेबलवर प्रत्यक्ष खेळायची जागा सुमारे ८८ इंच लांब आणि ४४ इंच रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट. याच कुळातल्या स्नूकरचं मोठं टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असतं.

स्नूकर हा खेळ आपल्यापासून फार दूर जन्मलेला नाही. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो सुरू केला. तेव्हा जबलपूर आणि आपला वर्धा जिल्हा एकाच मध्य प्रांतात होते. बिलियर्ड्समध्ये पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली जागतिक हौशी स्पर्धा जिंकली. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले ते पहिले भारतीय. म्हणजे खेळ वाईट नाही. त्याचा हिशेब कच्चा असला, तर तो वाईट.

चांगल्या टेबलच्या पोटात दगड असतो. शाळेच्या पाटीचा जो दगड, त्याच जातीची जाड, सपाट फरशी. बहुतेक वेळा ती तीन तुकड्यांत असते आणि सांधे मेणाने किंवा लांबीने बुजवतात. स्वस्त टेबलमध्ये दगडाऐवजी प्लायवूड किंवा दाबलेल्या भुशाची फळी असते. या पाटावर कापड ताणून बसवतात. कडेला ज्या सहा रबरी पट्ट्या असतात, ज्यांना कुशन म्हणतात, त्यांच्यावरही तेच कापड चढवलेलं असतं. म्हणजे कापड दोन ठिकाणी लागतं, पाटावर आणि पट्ट्यांवर. ही गोष्ट लक्षात ठेवा, भाव ठरवताना ती कामी येते.

कापड लोकरीचं का?

आपला जिल्हा कापसाचा. सेवाग्राम, मगनवाडी, गोपुरी ही नावं सुताशी जोडलेली. त्यामुळे साहजिक मनात येतं, इथे सुती कापड का चालत नाही? जाड मांजरपाट ताणून बसवला तर?

नाही चालत. सुती कापड दाबलं की दबून राहतं, सुरकुती पडली की जात नाही. लोकरीच्या धाग्याला अंगचीच लवचीकता असते. गोळा वरून गेला की धागा दबतो आणि परत उठतो. म्हणून या टेबलचं कापड मुख्यतः लोकरीचं आणि मजबुतीसाठी त्यात थोडं नायलॉन मिसळलेलं असतं. त्यात दोन प्रकार आहेत. एकाला बारीक लव असते, हात फिरवला तर मखमलीसारखी लागते. दुसरं बिनलवेचं, गुळगुळीत. त्यावर गोळा जोरात पळतो. रंग पूर्वीपासून हिरवा, कारण हा खेळ मुळात बाहेर गवतावर खेळत आणि नंतर तो घरात टेबलवर आला.

बाजारात स्वस्त कापड पॉलिस्टरचंही मिळतं. विकणारा त्यालाही लोकरीचंच म्हणेल. त्याची परीक्षा आपल्याला येते. काठाचा एक धागा ओढून काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. लोकर जळली तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. साडीचं सूत खरं की खोटं हे आपण असंच पाहतो. पोराबरोबर दुकानात जायला लाजू नका. कापडाची पारख त्याच्यापेक्षा आईला जास्त असते.

कापड कशाने जातं?

ते एकदम फाटत नाही. आधी विरतं. सगळे गोळे जिथे मांडतात आणि पहिला फटका मारतात, ती जागा पहिली झिजते. तिथे पांढरे ठिपके दिसायला लागतात. जोरात फटका बसला की गोळा कापडावर घासतो आणि तेवढी जागा भाजल्यासारखी होते. काठीच्या टोकाला जो निळा खडू लावतात, त्याची पूड कापडात शिरते आणि बारीक वाळूसारखी घासत राहते. नवशिक्याची काठी घसरली तर टोक कापडात घुसतं. चहा सांडला तर डाग पडतो आणि ती जागा कडक होते. आणि आपल्याकडे धूळ. उन्हाळ्यात दार उघडं ठेवलं की संध्याकाळपर्यंत ओसरीवर बोट फिरवून नाव लिहिता येतं. पावसाळ्यात लोकर ओल धरते, गोळा जड चालतो, आणि पोट्टे आणखी जोरात मारतात.

तुम्ही म्हणाल, फाटलं तर रफू करू. शालीला रफू चालतो, इथे चालत नाही. टाक्याचा बारीकसा उंचवटाही गोळ्याची वाट बदलतो. पैसे देऊन खेळणारा एकदा बघेल, दुसऱ्यांदा येणार नाही. अगदी लहान भोकाला किंवा ठिपक्याला चिकटवायची पातळ गोल टिकली मिळते, तिने काही दिवस निघतात. पण चीर बोटभर असेल तर कापडच बदलावं लागतं.

किती टिकतं? घरच्यांनीच कधीमधी खेळलं तर पाच-सात वर्षंही टिकतं. पैसे घेऊन दिवसभर खेळवलं तर वर्ष-दोन वर्षं, आणि गर्दी असेल तर त्याहूनही कमी. एकच कापड, पण वापर वेगळा म्हणून आयुष्य वेगळं. म्हणून हिशेब करताना पहिला प्रश्न हाच : हे टेबल हौसेचं की धंद्याचं?

खर्चाचे भाग

“कापड बदलायला किती लागतात?” असं विचारलं की दुकानदार कापडाचा भाव सांगतो. तो पूर्ण खर्च नसतो. पूर्ण खर्चाचे पाच भाग आहेत.

पहिला भाग कापड. ८ फुटी टेबलला ८८ बाय ४४ इंच कापड पुरत नाही. ते कुशनच्या खाली जातं, कडेवरून वळवून खाली चिकटवतात किंवा पिना मारतात, म्हणून चारही बाजूंना काही इंच जास्त लागतं. शिवाय कुशनच्या सहा पट्ट्या. ब्लाउजपीस आणताना आपण अस्तर धरतो, तसंच.

दुसरा भाग मजुरी. कारागीर कुशन काढतो, जुनं कापड उपसतो, पिना आणि डिंक खरवडतो, सांध्यातलं मेण नीट करतो, पाट पाणसळीत आहे का बघतो आणि मग कापड सगळीकडून सारखं ताणून बसवतो. ताण कमीजास्त झाला तर कापडाला लाट येते. म्हणून हे काम पहिल्यांदा स्वतःच करून बघण्यासारखं नाही. घरात शिवणकाम जाणणारी मुलगी असेल तर तिने शेजारी उभं राहून नीट बघावं, विचारावं. हात बसला तर पुढे तेही काम होऊ शकतं.

तिसरा भाग कारागिराचा प्रवास. तो नागपूरहून येणार असेल तर येण्याजाण्याचं भाडं आपल्यावर.

चौथा भाग रबर. कुशनचं रबर कडक झालं असेल तर कापड काढलेलं असतानाच ते बदलणं परवडतं. नंतर बदलायचं म्हटलं तर पुन्हा सगळी उस्तवार.

पाचवा भाग कोणीच मोजत नाही, तो म्हणजे बंद दिवस. काम होईपर्यंत गल्ला बंद असतो.

एक उदाहरण मांडू

आता वही-पेन घ्या. पुढचे आकडे हिशेब शिकण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही दोन ठिकाणी भाव विचारून त्या जागी तुमचे आकडे बसवा.

समजा कापड ६,००० रुपये, मजुरी ३,००० रुपये, प्रवास १,५०० रुपये. रबर चांगलं आहे असं धरू. हे झाले १०,५०० रुपये. रोजची कमाई ३०० रुपये असेल आणि टेबल तीन दिवस बंद राहिलं तर बुडाले ९०० रुपये. एकूण ११,४०० रुपये.

आता कमाई. तासाला ६० रुपये आणि रोज सरासरी ५ तास खेळ. दिवसाचे ३००. महिन्यात २५ दिवस धरले तर ७,५०० रुपये. पेरणीच्या दिवसांत आणि परीक्षेच्या काळात गिऱ्हाईक कमी होतं, म्हणून ३० दिवस धरू नका. वीज, खडू, काठीची टोकं, झाडझूड असे १,५०० रुपये वजा केले की हातात ६,०००.

मुलगा म्हणतो, “आई, महिन्याला सहा हजार सुटतात.” थांबा. कापड १२ महिने टिकलं असं धरलं, तर ११,४०० भागिले १२, म्हणजे ९५० रुपये दर महिन्याला कापड खातं. खरे सुटले ५,०५०. दिवसावर आणायचं तर वर्षाचे ३०० दिवस, ११,४०० भागिले ३००, रोजचे ३८ रुपये. तासावर आणायचं तर वर्षाचे १,५०० तास, तासाला ७ रुपये ६० पैसे. म्हणजे पोराने ६० रुपये घेतले की त्यातले साडेसात रुपये त्याचे नाहीतच. ते कापडाचे आहेत.

गिरणीवाल्या बाईला हे सांगावं लागत नाही. दगडाला टाकी लावायला ठरावीक दिवसांनी पैसे लागणार हे ती दळणाच्या भावातच धरते. फवारणीच्या पंपाचे वायसर, शिलाई मशीनचा पट्टा, गादीचा कापूस पिंजून नवी खोळ घालणं, सगळं याच जातीचं. वस्तू झिजते ती रोज, खर्च दिसतो तो एकदाच. म्हणून तो अचानक आल्यासारखा वाटतो.

आणि टेबल नुसतं हौसेचं असेल तर? बंद दिवसांचा तोटा नाही, म्हणून १०,५०० रुपये. कापड ५ वर्षं टिकलं तर ६० महिन्यांत महिन्याला १७५ रुपये. हे घराने साठवायचे. हौसेसाठी गटाचा पैसा काढू नये, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. दुसऱ्या मैत्रिणीचा दवाखाना किंवा बियाणं त्यामुळे अडू शकतं.

गटाने कर्ज द्यावं का?

धंदा चालू असेल, वही असेल, तर द्यायला हरकत नाही. पण एक नियम पक्का धरा : कर्ज कापडाच्या आधी फिटलं पाहिजे.

असं बघा. १०,००० रुपये कर्ज, शेकडा २ रुपये महिना व्याज, दर महिन्याला मुद्दल १,००० रुपये, १० हप्ते. पहिल्या महिन्यात व्याज २००, दुसऱ्यात १८०, असं उतरत शेवटच्या महिन्यात २०. एकूण व्याज १,१००. पहिला हप्ता १,२०० चा, शेवटचा १,०२० चा. दहा महिन्यांत कर्ज संपलं आणि कापड अजून दोन महिने चालणार आहे. हे जमलं.

आता तीच बाई म्हणाली, “हप्ता भारी होते, १८ महिने करून द्या.” आपल्याला दया येते आणि आपण करून देतो. बारा महिन्यांनी कापड फाटतं. सहा हप्ते अजून बाकी आहेत आणि नव्या कापडाला पुन्हा पैसे पाहिजेत. एका टेबलावर दोन कर्जं झाली. इथून बाई मायक्रोफायनान्सच्या दारात जाते आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. लांब मुदत म्हणजे दया नव्हे. वस्तूच्या आयुष्यापेक्षा लांब मुदत म्हणजे फाटलेल्या कापडाचे हप्ते भरणं.

पंचसूत्रीतला नियमित परतफेडीचा नियम आपण तोंडाने म्हणतो. ती परतफेड कुठल्या कमाईतून होणार, हे बैठकीत विचारणं हाही त्याच नियमाचा भाग आहे. म्हणून अर्ज आला की चार गोष्टी मागा. कमीत कमी दोन महिन्यांची रोजची कमाई लिहिलेली वही. दोन कारागिरांकडून लिहून आणलेला भाव. मागचं कापड किती महिने टिकलं त्याचं उत्तर. आणि पुढच्या कापडासाठी रोज किती बाजूला टाकणार, ती रक्कम. ज्या घराने आजपर्यंत एक रुपयाही बाजूला टाकला नाही, तिथे पूर्ण रक्कम न देता अर्धी द्या. अर्धी त्यांनी उभी करावी.

पैसे वाचवायच्या चार वाटा

एक, झाकण. टेबलवर रात्री आणि खेळ नसताना जाड कापडाचं आवरण घाला. हे आपल्याच मशीनवर शिवता येतं. धुळीच्या आपल्या प्रदेशात यासारखा स्वस्त उपाय नाही.

दोन, ब्रश. रोज संध्याकाळी मऊ ब्रशने एकाच दिशेने हलक्या हाताने धूळ काढा. ओल्या फडक्याने पुसू नका आणि गादीसारखं झटकू-बडवू नका.

तीन, नियम. टेबलवर खडू लावायचा नाही, बाजूला होऊन लावायचा. चहा टेबलवर ठेवायचा नाही. काठी उभी धरून उंचावरून फटके मारायचे नाहीत. कापड फाडलं तर किती भरपाई, हे भिंतीवर लिहून ठेवा.

चार, पावती. कारागिराकडून कापडात लोकर किती टक्के, मजुरीत कुशन आणि पाणसळ धरली आहे का, आणि महिनाभरात कापडाला लाट आली तर तो फुकट ताणून देईल का, हे लिहून घ्या.

जुनं टेबल विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी कापडाकडे आणि पोटाकडे बघा. खालून वाकून बघा, दगड आहे की फळी. कापड विरलेलं असेल तर ते बदलायचा खर्च टेबलच्या किमतीतून कमी करून मागा. फळी ओलीने फुगलेली असेल तर वर कितीही चांगलं कापड घाला, गोळा आपल्याच वाटेने जाणार.

आणि घरातली बाई?

हिशेबात एक ओळ नेहमी राहून जाते. टेबल पुढच्या खोलीत असतं. दिवसभर बाहेरची मुलं येतात-जातात. झाडणं तिचं, चहा तिचा, सुनेने मागच्या दाराने ये-जा करायची, मुलीचा अभ्यास गोंगाटात. कर्ज तिच्या नावावर आणि गल्ल्याची किल्ली मुलाच्या खिशात. कर्ज आईच्या नावावर असेल तर वही आईने बघितली पाहिजे. रोजचे ४० रुपये तिच्या हातात आले पाहिजेत आणि खेळाची वेळ तिने ठरवली पाहिजे. आम्ही गटांना सांगतो, ही अट ठरावात लिहा.

दुसरी गोष्ट पैजेची. खेळ कौशल्याचा असला तरी पैशांची पैज सुरू झाली की मामला जुगाराकडे जातो. महाराष्ट्रात त्यासाठी १८८७ पासूनचा जुगारबंदीचा कायदा आहे आणि पोलीस आले तर घरावर येतात. पैसे घेऊन लोकांना खेळवायचं असेल तर कुठली परवानगी लागते, हे ग्रामपंचायत किंवा नगरपंचायत, पोलीस ठाणे आणि तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या. कर्ज देण्याआधी गटाने हेही विचारावं.

येत्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीने आपल्या घरातली किंवा धंद्यातली एक झिजणारी वस्तू सांगायची. ती बदलायला एकूण किती लागतात, ती किती महिने टिकते, आणि भागाकार करून महिन्याला किती बाजूला टाकावे लागतील, हे फळ्यावर लिहायचं. ज्यांना भागाकार जमत नाही त्यांना शेजारणीने मदत करायची. वीस जणींच्या वीस वस्तू फळ्यावर आल्या की पुढच्या वर्षी गटाकडे कुठले अर्ज येणार आहेत, हे आजच कळेल. मग त्यातले निम्मे अर्ज येणारच नाहीत, कारण पैसे डब्यात जमलेले असतील.

तुमच्या फळ्यावर काय काय आलं, ते आम्हाला नक्की कळवा.